मदत हवी आहे: चढाला स्प्लेंडरचा क्लच स्लिप होतोय, घरीच प्लेटा बदलायच्या आहेत. स्प्रिंगही कडक टाकू का?

बोपदेवकर
नमस्कार मंडळी. गाडी २०१५ची स्प्लेंडर प्लस, ५८,००० किलोमीटर झालेली. सासवडहून पुण्याला बोपदेव घाटाने ये-जा असते. जाताना अंजिराची क्रेट असतात, येताना बहुतेक वेळा पशुखाद्याचं ५० किलोचं पोतं. उतरताना काही त्रास नाही. येताना चढाला तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिन ओरडतं, पण गाडी जोर धरत नाही, आणि वर पोचेपर्यंत जळका वास येतो. सपाटीला रिकामी गाडी व्यवस्थित चालते.

पाने, सर्क्लिप (खाचेत बसणारी लोखंडी कडी) काढायची पक्कड आणि जाडी मोजायला व्हर्नियर घरात आहे. प्रश्न तीन: फक्त प्लेटा बदलल्या तर भागेल का? क्लच खोलण्याचा नेमका क्रम काय? आणि वजन नेहमीचंच असल्याने कडक स्प्रिंग टाकाव्यात का?

पाना पक्कड
खोलण्याआधी फुकटातली तपासणी करून घ्या. क्लच लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलीमीटर ढिलाई हवी. ती शून्य असेल तर लिव्हर सोडलेला असतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो, आणि नव्या प्लेटाही महिनाभरात जळतात. मोठा फरक इंजिनाकडच्या नटावर जुळवायचा, हँडलजवळचा ॲडजस्टर बारीक फरकासाठी ठेवायचा. हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवून ढिलाई बदलते का तेही पाहा. बदलत असेल तर केबल कुठेतरी ओढली जातेय किंवा आतून गंजलीय.

मग सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ३५-४० च्या वेगाला एकदम पूर्ण रेस द्या. आवाज चढला आणि वेग तसाच राहिला तर क्लचच. आवाजही चढला नाही आणि वेगही नाही, तर दोष दुसरीकडे आहे: ब्रेक चिकटलेला, कार्ब्युरेटर किंवा कॉम्प्रेशन.

आणि सर्वांत महत्त्वाचं, ऑइल कोणतं आहे?

बोपदेवकर
ढिलाई साधारण १५ मिमी, हँडल वळवून फरक पडत नाही. चौथ्या गिअरमध्ये आवाज स्पष्ट चढतो. ऑइल मागच्या वेळी घरी कारचं उरलेलं ५डब्ल्यू-३० टाकलं होतं, चांगल्या कंपनीचं सिंथेटिक आहे.

पाना पक्कड
मग अर्धं उत्तर तिथेच आहे. स्प्लेंडरचा क्लच इंजिन ऑइलातच बुडालेला असतो. कारचा क्लच कोरडा, त्यामुळे कारच्या ऑइलात घर्षण कमी करणारी द्रव्यं बिनदिक्कत घालतात. डब्यावर ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ लिहिलेलं असेल तर ते ऑइल ओल्या क्लचला नकोच. तुम्हाला हवं १०डब्ल्यू-३०, डब्याच्या मागे ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) छापलेलं. ‘एमबी’ नको, ते स्कूटरसाठी असतं. ऑइल महाग आहे म्हणून क्लचला चांगलं असेल, हा समज सोडून द्या.

केवळ ऑइल बदलून कधीकधी क्लच सुधारतो, पण वास येईपर्यंत प्लेटा तापल्या आहेत म्हणजे कॉर्कवर (प्लेटेवरच्या घर्षणाच्या थरावर) चकाकी चढलेली असणार. खोलाच.

टू-स्ट्रोक तात्या
क्रम मी सांगतो. आधी सामान: क्लच प्लेटचा संच, क्लच कव्हरची पॅकिंग, किक शाफ्टचं ऑइल सील, चार स्प्रिंगांचा संच, एक लिटर ऑइल. प्रेशर प्लेटा (आपल्याकडे मधल्या लोखंडी प्लेटांना हेच म्हणतात) उघडून पाहिल्यावर ठरवा. सामान सीलबंद पाकिटातलं, बिलासकट घ्या. सुट्या प्लेटांत कॉर्क बॉडीवरून सुटून येणाऱ्या निघतात आणि ते तुकडे ऑइलाच्या जाळीत जाऊन बसतात.

नव्या प्लेटा आदल्या रात्रीच नव्या ऑइलात बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच पृष्ठभाग करपतो.

गाडी गरम करून १७ नंबरच्या पान्याने ड्रेन बोल्ट काढा, ऑइल गळू द्या. नंतर बोल्ट बसवून गाडी साइड स्टँडवर घ्या. गाडी डावीकडे झुकते आणि उजव्या कव्हरातून उरलंसुरलं ऑइल अंगावर येत नाही. किक काढा. फुटरेस्टची आडवी दांडी खालून बोल्ट काढून उतरवा, ब्रेक पेडल खाली दाबून धरा. सायलेन्सरचा बेंड आड येत असेल तर हेडकडचे दोन नट काढून तो बाजूला करा. जोर लावून कव्हर वाकडंतिकडं ओढू नका. क्लच केबल कव्हरवरच्या लिव्हरमधून काढा.

कव्हरचे बोल्ट ८ नंबरचे. सगळे एकाच लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या भोकातला बोल्ट त्या जागी खोचत जा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर ॲल्युमिनियमचा आटा जातो, आणि मग लेथवाल्याकडे फेऱ्या. कव्हर निघत नसेल तर स्क्रू-ड्रायव्हर सांध्यात घालू नका, रबरी हातोडीने कडेकडेने ठोका. सांध्याला एक ओरखडा पडला तरी तिथून ऑइल झिरपत राहतं. दोन डॉवेल पिना (कव्हर नेमकं जागी बसवणाऱ्या) जागेवर आहेत ना, पाहून घ्या.

आता क्लच. बाहेरच्या लिफ्टर प्लेटचे (लिव्हर ओढला की हिच्यावर दाब येऊन क्लच सुटतो) चार बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करत काढा. एकच बोल्ट पूर्ण काढला तर प्लेट तिरकी होऊन उरलेल्या बोल्टांचे खांब तुटू शकतात. स्प्रिंगा काढल्या की मधला सर्क्लिप, मग हब (क्लचचा मधला दातेरी भाग), प्लेटा आणि मागची प्लेट असा सगळा गठ्ठा बाहेर येतो. निघतील त्या क्रमाने ओळीत मांडा आणि मोजा. फोटो काढा.

मोजमाप: नवी कॉर्क प्लेट तीन मिलीमीटरच्या आसपास असते. २.६ च्या खाली गेलेली एक जरी निघाली तरी पूर्ण संच बदला. जुन्या-नव्या मिसळल्या की दाब सगळ्यांवर सारखा येत नाही. लोखंडी प्लेट जाड काचेवर ठेवून फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) तपासा, ०.२० मिमीची पाती खालून सरकली तर ती वाकलेली आहे. निळसर-जांभळी झाली असेल तर ती जास्त तापलीय, बदला. जुन्या स्प्रिंगा नव्यांच्या शेजारी उभ्या ठेवा. एक मिलीमीटर जरी बसलेली दिसली तरी चारही बदला.

उजवं कव्हर उघडलंच आहे तर दोन कामं फुकटात होतात. क्रँकच्या टोकावर ऑइल फिल्टरचा गोल रोटर असतो, त्याच्या झाकणाचे स्क्रू काढा. आत काळा चिखल साचलेला असतो. लाकडी काडीने खरवडून रॉकेलने पुसा. आणि खाली ऑइलची जाळी असते, ती सरकवून काढा, धुवा, तशीच परत घाला. कव्हर वा रोटरच्या मधोमध बारीक स्प्रिंग किंवा नळी दिसली तर ती कुठून निघाली ते लिहून ठेवा. ती हरवली तर क्रँकला ऑइल नीट जाणार नाही, आणि हा खर्च क्लचच्या कितीतरी पट आहे.

बसवताना टेबलावर गठ्ठा रचा: मागची प्लेट, तिच्यावर कॉर्क, मग लोखंडी, असं आलटून पालटून. सुरुवात आणि शेवट कॉर्कने. लोखंडी प्लेट ठोकून कापलेली असते, तिची एक कड गोलसर आणि एक धारदार. सगळ्या एकाच दिशेने ठेवा. वर हब. इथे सगळ्यांत जास्त फसगत होते. मागच्या प्लेटचे दात हबच्या खाचांत पूर्ण बसले नाहीत तर वरून सगळं नीट दिसतं, बोल्टही कसले जातात, पण प्लेटांवर दाबच येत नाही आणि गाडी जागची हलत नाही. बोल्ट कसल्यावर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने प्लेटा ढकलून पाहा. तसूभरही हलता कामा नयेत.

बोल्ट पुन्हा समोरासमोर, १० ते १२ न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर छोट्या टी-पान्याने मनगटाच्या जोराने, दांडीला पाइप लावून नाही.

गिअरबॉक्स
तात्यांच्या उत्तरात एक भर. बास्केटच्या (प्लेटा ज्यात बसतात तो बाहेरचा डबा) खाचा बोटाने चाचपा. कॉर्क प्लेटांचे कान तिथे आपटून खड्डे पाडतात. खड्डा असला की क्लच सोडताना प्लेट अडकते आणि गाडी झटका मारते. नखाला जेमतेम जाणवणारा असेल तर बारीक कानशीने सरळ करा. खोल असेल तर बास्केट बदला, कारण जास्त घासलं तर कानाला जागा मोठी होते आणि खडखड वाढते.

आता कडक स्प्रिंगबद्दल. तुमच्या कामाला मी तरी नको म्हणेन. क्लच किती जोर पेलतो हे चार गोष्टींवर ठरतं: स्प्रिंगचा दाब, घर्षण, घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या आणि प्लेटची त्रिज्या. तुमचं घर्षण चुकीच्या ऑइलने गेलंय आणि तुम्ही दाब वाढवून ते भरून काढायला निघालात. स्प्रिंग १५ टक्के कडक तर लिव्हरही तेवढाच जड, केबलवर आणि लिफ्टरच्या बेअरिंगवर ताणही तेवढाच. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर चालवली की हात सांगतो.

टू-स्ट्रोक तात्या
इथे मी सहमत नाही. साठ-सत्तर किलो रोज असेल तर चारपैकी समोरासमोरच्या दोन कडक आणि दोन मूळच्या, हा मधला मार्ग चालतो. दाब सरळ येतो, लिव्हर फार जड होत नाही. पण हे नव्या प्लेटा आणि योग्य ऑइलवर हजार किलोमीटर चालवूनही स्लिप राहिला तरच. आणि स्प्रिंगखाली वॉशर घालायचा जुगाड अजिबात नको. वॉशरने स्प्रिंग आधीच दबते, लिव्हर ओढल्यावर तिचे वेढे एकमेकांना टेकतात, क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरडत पडतात.

गिअरबॉक्स
त्या अटीवर मान्य. पण आधी वजनाचं गणित. गाडीची क्षमता चालकासकट १३० किलो. तुम्ही ७० चे आणि मागे ७०, तर दहा किलो आधीच वर. खरी सुधारणा हवी असेल तर पुढचं चेन चक्र एक दात कमीचं टाका. साधारण सात टक्के गिअरिंग खाली येतं, चढाला इंजिनाला तेवढं कमी ओढावं लागतं आणि क्लचवरचा भारही कमी होतो. वरचा वेग थोडा घटेल, पेट्रोलही थोडं जास्त लागेल. स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतो, त्यामुळे त्याचा आकडा चुकत नाही.

बोपदेवकर
उघडलं. कॉर्क प्लेटा २.५ ते २.७, वरून काचेसारख्या चकचकीत. लोखंडीपैकी दोन निळ्या, एकीखाली ०.२० ची पाती जाते. स्प्रिंगा नव्यांपेक्षा साधारण दीड मिमी बसलेल्या. बास्केटच्या खाचा नखाला लागतात इतपतच. रोटरमधून चमचाभर चिखल निघाला. चकचकीत कॉर्क सँडपेपरने घासून स्टेपनी म्हणून ठेवता येतील का?

पाना पक्कड
नाही, टाका. घासल्यावर चार दिवस पकडतात, मग जाडी आणखी कमी झालेली असते. लोखंडी संचही बदला. निळ्या प्लेटेवर नवा कॉर्क लवकर चकाकतो. स्प्रिंगा मूळच्याच टाका, बसलेल्या स्प्रिंगा हेही स्लिपचं कारण आहेच.

कव्हर लावताना किक सीलच्या ओठाला थोडं ग्रीस आणि किक शाफ्टच्या दातांवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, म्हणजे सील कापलं जात नाही. जुनी पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. सिलिकॉन चोपडू नका, जास्तीचं आत पिळून ऑइलच्या वाटेत जातं.

ऑइल एकदम सगळं ओतू नका. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तितकाच वेळ थांबा, मग ऑइल मोजायची काडी आटा न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहा. आटा फिरवून पाहिली तर पातळी जास्त दिसते.

बोपदेवकर
सगळं बसवलं. स्लिप नाही. पण पहिला गिअर टाकताना जोराचा ‘खट्’ होतो आणि गाडी उभी असताना न्यूट्रल लागत नाही.

टू-स्ट्रोक तात्या
आता उलटा त्रास, क्लच पूर्ण सुटत नाहीये. नव्या प्लेटा जाड, त्यामुळे केबलची जुनी सेटिंग चालत नाही. खालच्या नटावर ढिलाई पुन्हा मोजा, बहुधा २५ च्या वर गेली असेल. ती १० ते १५ वर आणा. तरी राहिलं तर इंजिन गरम करून, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, लिव्हर दाबून चार-पाच वेळा रेस द्या, म्हणजे चिकटलेल्या प्लेटा सुटतात. त्याने नाही गेलं तर उघडा आणि लोखंडी प्लेट वाकडी आहे का, एखादी प्लेट जास्त बसवली आहे का ते मोजा.

बोपदेवकर
ढिलाई ३० होती. १२ वर आणली, न्यूट्रल लागतंय. किती दिवस सांभाळून चालवू?

पाना पक्कड
पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाटात वजन घेऊन अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका. चढावर थांबलात तर ब्रेकवर धरा. ५०० किलोमीटरला ऑइल पुन्हा बदला. कारच्या ऑइलाचा जो अंश आत उरलाय तोही जाईल आणि कॉर्कची भुकटीही. काढलेलं ऑइल नाल्यात न ओतता गॅरेजवाल्याला द्या.