मदत हवी आहे: वॉशिंग्टन राज्याचा व्यवसाय परवाना आणि निरनिराळ्या शहरांचे परवाने यांची सांगड कशी घालावी?

नमस्कार. सिएटल परिसरात छोटा व्यवसाय करणाऱ्या, किंवा अशा व्यवसायांचे हिशेब पाहणाऱ्या सभासदांकडून मार्गदर्शन हवे आहे.

मी बॉथेल येथील राहत्या घरातून समारंभांच्या सजावटीचे काम करते. मुंज, बारसे, डोहाळजेवण आणि भाद्रपदात गणपतीची मखरे असे त्याचे स्वरूप आहे. समया, चौरंग, पडदे आणि कमानीचे लोखंडी सांगाडे गॅरेजमध्ये असतात; प्रत्यक्ष काम मात्र यजमानांच्या घरी किंवा भाड्याच्या सभागृहात, म्हणजे एका शनिवारी सॅमामिशला तर पुढच्या शनिवारी बेलव्ह्यूला होते.

व्यवसाय सुरू करताना राज्याच्या महसूल विभागाच्या बिझनेस लायसन्सिंग सर्व्हिसकडे एकच अर्ज भरला, त्यावर नऊ अंकी यूबीआय क्रमांक (राज्यातील व्यवसायाचा ओळख क्रमांक) मिळाला आणि त्याच अर्जात बॉथेल शहराची एंडोर्समेंटही (म्हणजे राज्याच्या परवान्याला जोडलेली शहराची परवानगी) मागता आली. शहराची मान्यता येईपर्यंत ती प्रलंबित होती, नंतर परवान्याच्या कागदावर राज्याच्या नोंदणीखाली शहराची ओळ छापून आली. इथपर्यंत सारे सुटसुटीत होते, आणि ‘एक अर्ज, एक कागद, नूतनीकरणाची एक तारीख’ ही कल्पना मला मनापासून आवडलीही.

अडचण बॉथेलच्या वेशीबाहेर सुरू होते. ज्या एका शहरात मी वर्षभरात मोजकीच कामे केली, तेथून पत्र आले आहे की आपण आमच्या हद्दीत व्यवसाय करत असल्याचे दिसते, परंतु आपल्याकडे आमचा परवाना नाही. त्या शहराला फोन केला तर अर्ज राज्याकडे करा असे सांगण्यात आले. राज्याच्या मदत क्रमांकावर विचारले तर परवाना लागतो की नाही हे शहरच ठरवते असे उत्तर मिळाले. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असावे, पण त्यातून मी काय करावे हे कळत नाही.

माझ्या वाचनानुसार २०१७ साली राज्याने कायदा करून शहरांना सामायिक नमुना नियम स्वीकारायला लावला, आणि २०१९ पासून शहरात कार्यालय वा दुकान नसलेल्या व्यावसायिकाची त्या शहरातली वार्षिक उलाढाल २,००० डॉलरपर्यंत असेल, तर त्याला परवाना शुल्कातून सूट मिळू लागली. ही उलाढाल फुलांचा आणि मदतनिसांचा खर्च वजा करून धरायची की यजमानांनी दिलेली पूर्ण रक्कम धरायची? यजमान राहतात सॅमामिशला आणि मुंज लागते बेलव्ह्यूच्या सभागृहात, तर ते काम कोणत्या शहराच्या खाती मांडायचे? शिवाय बेलव्ह्यू आणि सिएटल ही नावे राज्याच्या अर्जात मला सापडतच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते का? आम्ही लवकरच घर बदलणार आहोत, तेव्हा नवा पत्ता एकदा राज्याला कळवला की तो सगळीकडे पोहोचतो का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद (‘काठावरचा’ या नावाचे सभासद):

नमस्कार. मी काही वर्षे याच परिसरातील लहान व्यवसायांचे हिशेब लिहीत आहे, त्या आधारे लिहितो.

उलाढाल खर्च वजा न करता धरायची असते. फुलवाल्याला दिलेले पैसेही तुमच्याच उलाढालीत येतात. मोजणी प्रत्येक शहराची स्वतंत्र असते, आणि तुमच्यासारख्या कामात यजमान कोठे राहतात यापेक्षा सजावट कोठे उभी राहिली हे महत्त्वाचे असल्याने ती मुंज बेलव्ह्यूच्या खाती जाईल. २,००० डॉलर हा २०१९ चा किमान आकडा होता. शहराला तो वाढवता येतो, त्यामुळे चालू रक्कम त्या त्या शहराच्या नियमातच पाहावी. मर्यादेच्या आत असलात तरी काही शहरे विनाशुल्क नोंदणी मागू शकतात. पत्रामागचे कारण बहुधा तेच असावे, म्हणून गप्प बसू नका. तारीख, ठिकाण आणि रक्कम लिहून उत्तर पाठवा.

बेलव्ह्यू, सिएटल, टकोमा यांची नावे तुम्हाला सापडली नाहीत, कारण त्या शहरांनी मिळून फाइललोकल नावाचे स्वतःचे संकेतस्थळ उभारले आहे. कायद्याने शहरांना राज्याची व्यवस्था किंवा फाइललोकल असे दोनच मार्ग ठेवले. तेथे यूबीआय क्रमांक तोच द्यायचा, पण खाते निराळे असते, म्हणून पत्ता बदलल्यावर दोन्हीकडे कळवा. नव्या घराचे शहर निराळे असेल, तर घरगुती व्यवसायाची मान्यता त्या शहराकडून नव्याने घ्यावी लागेल.

आता तुम्ही न विचारलेली, पण सर्वाधिक घोळ घालणारी गोष्ट. टपालाच्या पत्त्यातले शहर आणि प्रत्यक्ष हद्द यांचा मेळ बसेलच असे नाही. क्लाहानी या वस्तीतल्या घरांचा पत्ता इसक्वाचा आहे, पण २०१६ पासून तो भाग सॅमामिश शहरात आहे. बॉथेलचा पत्ता असलेली कित्येक घरे तर कोणत्याच शहरात नाहीत. ती स्नोहोमिश काउंटीच्या शहराबाहेरील भागात मोडतात आणि तेथे शहराच्या परवान्याचा प्रश्नच उद्भवत नाही. महसूल विभागाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून विक्रीकराचा दर शोधण्याची सोय आहे. त्यात चार अंकी स्थानसंकेत, म्हणजे तो पत्ता ज्या हद्दीत येतो तिचा क्रमांक, दिसतो. प्रत्येक कामाच्या बिलावर तो तेव्हाच टिपून ठेवलात, तर वर्षअखेरीस शहरवार बेरीज आपोआप निघेल.

मूळ लेखिका:

मनःपूर्वक आभार. पत्र ज्या शहराचे आहे तेथील कामांपैकी निदान दोन पत्ते हद्दीबाहेरचे निघाले. एक शंका उरते: शहरांचा स्वतःचा बी अँड ओ कर (व्यवसायाच्या एकूण उलाढालीवरचा कर) असतो, तो राज्याच्या बी अँड ओ विवरणपत्रासोबतच भरला जातो का?

काठावरचा:

नाही. राज्याची व्यवस्था शहरासाठी परवान्याचे शुल्क गोळा करते, शहराचा बी अँड ओ कर नव्हे. तो ज्या शहरांत आहे तेथे थेट शहराकडे किंवा फाइललोकलवर भरावा लागतो. वर्षाला २०,००० डॉलरपेक्षा कमी उलाढालीवर शहराला तो लावता येत नाही, आणि काही शहरांची मर्यादा याहून बरीच वर आहे. मात्र कर शून्य असला तरी विवरणपत्र मागणारी शहरे आहेत, तेव्हा फाइललोकलवर नोंदणी करतानाच त्याची मुदत पाहून घ्या.