मिकन ड्रिल : सोसायटी ग्रुपवरून

ए-४०३ : बास्केटबॉलच्या कोचनी पोरांना रोज मिकन ड्रिल करायला सांगितलंय. कोणाला माहितीये का काय ते?

बी-१०२ : जॉर्ज मिकन या जुन्या अमेरिकन खेळाडूचं नाव, ताई. ६ फूट १० इंच, जाड भिंगांचा चष्मा. डीपॉल विद्यापीठात आला तेव्हा नुसता उंच, हातापायांचा मेळ नाही. कोच रे मेयर यांनी दोरीच्या उड्या मारायला लावल्या, नाचसुद्धा शिकायला लावला 😀 ड्रिल तिथलंच.

रिंगखाली उभं राहायचं. उजवीकडे डाव्या पायावर उडी, उजव्या हातानं बॉल बोर्डवर. जाळीतून पडणारा बॉल टप्पा न पडू देता झेलायचा, लगेच डावीकडे, उजव्या पायावर उडी, डावा हात. न थांबता.

ए-४०३ : आमच्याकडे बॉल रिंगच्या खालच्या बाजूलाच आपटतोय.

बी-१०२ : पार रिंगखाली घुसतोय म्हणून. पाऊलभर बाजूला काढा. आणि झेलल्यावर बॉल कंबरेपर्यंत उतरवतात सगळे. मॅचमध्ये तिथूनच समोरच्या टीमचा बुटका गार्ड (बॉल खेळवणारा खेळाडू) हिसकावतो. हनुवटीच्या वरच ठेवायचा.

सी-२०१ : या माणसापायी नियम बदलले हो! कॉलेजात रिंगकडे येणारे बॉल वरच्यावर परतवायचा, म्हणून गोलटेंडिंगवर बंदी आली. मग मिनियापोलिस लेकर्स या व्यावसायिक टीमकडून रिंगजवळ ठाण मांडायला लागला, तर १९५१ मध्ये एनबीएनं (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) त्याला लांब ठेवायला बास्केटसमोरचा पट्टा ६ फुटांचा १२ फूट केला.

डी-३०४ : लॉस एंजेलिसचेच ना लेकर्स?

सी-२०१ : १९६० पर्यंत मिनियापोलिसचे. तळी तिकडची, नाव मात्र सोबत नेलं.

२२ नोव्हेंबर १९५० ची मॅच तर कहर. मिकनच्या हाती बॉल पडू नये म्हणून समोरच्या फोर्ट वेन टीमनं तो नुसता धरून ठेवला. निकाल १९-१८, फोर्ट वेन जिंकलं. लेकर्सच्या १८ पैकी १५ पॉइंट मिकनचे! एनबीएत याहून कमी स्कोअरची मॅच नाही.

डी-३०४ : बघणाऱ्यांनी काय केलं असेल, काका!

सी-२०१ : अशा रटाळ मॅचमुळेच १९५४ मध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आलं, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट मारायचाच. सिराक्यूज टीमचे मालक डॅनी बियासोन यांचा हिशोब : चांगल्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून १२० शॉट. ४८ मिनिटांचे २८८० सेकंद, भागिले १२०.

बी-१०२ : आणि त्या घड्याळानं मिकनचीच दमछाक केली. १९५४ ला निवृत्त झाला, १९५६ मध्ये परत येऊन ३७ मॅच खेळला, पण वेग झेपेना.

ए-४०३ : बरं, डाव्या हातानं एकही पडत नाहीये.

बी-१०२ : मग सुरुवातच डावीकडून करा. दमल्यावर डावा हात आधी ढेपाळतो.