क्रोमचं पाणी आणि द्राक्षाच्या काड्या: प्लेटिंगवाले कॉलेजला नमुने देतील का?

गोदाकाठची मास्तरीण:
नाशिकला गंगापूर रोडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. खरड छाटणी झाली की निफाड-पिंपळगावकडे काड्यांचे ढीग बांधावरच पेटवतात. त्या काड्यांचा कोळसा करून तो हेक्साव्हॅलंट क्रोमियम (सहा संयुजेचा, जास्त विषारी क्रोम) किती धरतो, हे मी आणि माझ्या एम.एस्सी.च्या मुली बघतोय. पण सगळं डिस्टिल्ड वॉटरमध्ये पोटॅशियम डायक्रोमेट विरघळवून. आकडे देखणे येतात. नासर्डी नदीत मात्र डिस्टिल्ड वॉटर वाहत नाही! सातपूर-अंबडच्या छोट्या प्लेटिंग (धातूवर मुलामा देणाऱ्या) युनिटमधलं खरं रिन्सचं, म्हणजे माल धुतल्याचं, पाणी हवंय. फोन केला की 'साहेब बाहेर गेलेत'. विद्यापीठाचं पत्र नेलं तर फरक पडेल का?

(२०२७चा कुंभ जवळ आला म्हणून जो तो रामकुंडावर बोलतोय. नासर्डी गोदावरीला मिळते ती त्याच्या खाली, टाकळीला. तिथलं पाणी पुढे नांदूरमधमेश्वरला जातं, पण तिथे स्नान नाही ना.)

अंबडचा प्लेटर:
मॅडम, पत्र बघून गेट उघडायचं तेही उघडणार नाही. आज नमुना, उद्या पेपरात नाव, परवा प्रदूषण मंडळाची नोटीस, ही भीती आहे. युनिटला नाव नाही, फक्त नंबर, आणि रिपोर्ट आधी आम्हाला, हे लेखी द्या.

आता धंद्याचं. आम्ही पीएच दोन-तीनवर आणून सोडियम मेटाबायसल्फाइट टाकतो, सहाचा क्रोम तीनचा, कमी विषारी, होतो, मग चुन्याने गाळ खाली बसवतो. बाहेर सोडताना हेक्साव्हॅलंट लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत लागतो. हे स्वस्तात होतंय, तर कोळसा कशाला? आणि क्रोम भरलेला कोळसा घातक कचरा झाला, तो पैसे मोजून रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला कोण पाठवणार? शेवटच्या पॉलिशिंगला, म्हणजे चुन्यानंतर उरलासुरला क्रोम काढायला, वापरायचा असेल तर बोलू. सायनाइड झिंकच्या लाइनकडे मुलींना फिरकू देऊ नका. ते पाणी ॲसिडच्या पाण्यात मिसळलं तर विषारी वायू होतो.

निवृत्त केमिस्ट:
ताई, मी सांडपाणी केंद्रावर होतो. तिथलं काम जिवाणूंवर चालतं. क्रोम जास्त आला तर ते मंदावतात, आणि बराचसा धातू गाळात बसतो. तोच गाळ कुणी खत म्हणून शेतात टाकला, की झालंच. तेव्हा युनिटच्या दारातच पकडायचं, हे तुमचं बरोबर आहे.

नमुन्याला दोन बाटल्या ठेवा. एकूण क्रोमियमच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड घालून पीएच दोनच्या खाली न्या. हेक्साव्हॅलंटच्या बाटलीत ॲसिडचा थेंबही नको, नाहीतर वाटेतच सहाचा तीन होतो. ती बर्फात ठेवून चोवीस तासांत तपासा. आणि एकच बाटली भरून निघू नका. टाकी रिकामी करतात त्या वेळचं पाणी आणि एरवीचं पाणी यांत फार फरक असतो.

गोदाकाठची मास्तरीण:
काका, बाटल्यांचं आजच वहीत लिहून घेतलं. प्लेटरभाऊ, नाव-नंबरची अट मान्य. वापरलेला कोळसा आमच्या प्रयोगाचा, त्याच्या विल्हेवाटीचा खर्च प्रकल्पातूनच दाखवते. तो तुमच्या गळ्यात नाही. पॉलिशिंगचंही पटलं, म्हणजे मला तुमच्या चुन्यानंतरचं पाणी लागेल, आधीचं नाही.

अंबडचा प्लेटर:
मग आधी करारनाम्याचा मसुदा पाठवा, मराठीत. आमचा पार्टनर इंग्रजी कागदावर सही करत नाही. बाटल्या तुमच्याच आणा. आमच्याकडच्या सगळ्या ॲसिडच्या आहेत.