फंगसची गोळी आणि हिरड्यांतून रक्त?

आईला गजकर्णासाठी फ्लुकोनाझोल १५० दिलीये, आठवड्याला एक. दुसऱ्या गोळीनंतर ब्रश केला की बेसिन लाल, काल तर पोह्यांवरची शेव चावतानाही रक्त आलं. हार्टचा वॉल्व्ह बदललाय म्हणून वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालूच आहे. इंदूरात दातांचा चांगला डॉक्टर सांगा ना.

> दातवाला नंतर, आजच आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते बघायची टेस्ट) करा!! फ्लुकोनाझोल लिव्हरमधलं सीवायपी२सी९ एन्झाइम अडवतं, वॉरफरिन त्यानंच तुटतं, मग ते अंगात साठतं नि रक्त जास्तच पातळ होतं. तोंडात लावायच्या मायकोनाझोल जेलनंही होतं, आमच्या बाबांना झालेलं.

> पण वॉरफरिन मनानं बंद नका करू हां, वॉल्व्ह आहे. हार्टवाल्यांना फोन लावा. काळी शी झाली तर सरळ इमर्जन्सी.

> आयएनआर ६.२ आला 😟 निघालोय. स्किनवाल्यांना वॉरफरिनचं सांगितलंच नव्हतं आम्ही.