शब्दचर्चा : ‘मधमाशी पृथ्वीवर कधी अवतरली?’ यातली मधमाशी नेमकी कोणती?

अनुवादिका

तपासायला आलेले वाक्य असे आहे : ‘गांधीलमाशीपासून उत्क्रांत झालेली मधमाशी पृथ्वीवर 124 लाख वर्षांपूर्वी अवतरली, म्यानमारच्या अंबरात सापडलेली मधमाशी आणि पॅटागोनियातली 100 लाख वर्षांपूर्वीची पोळी हा त्याचा पुरावा.’ मला ‘अवतरली’ खटकते. ‘उगम पावली’ केले तर चालेल का? बाकी ठीक दिसते.

कोशवाचक

बाकी फारसे ठीक नाही. आधी आकडा. मिलियन म्हणजे दहा लाख, लाख नव्हे. 124 मिलियन म्हणजे 12 कोटी 40 लाख. मिलियनच्या आकड्याला दहाने भागले की कोटी मिळतात, म्हणून 12.4 कोटी. ‘124 दशलक्ष’ही बरोबर आहे, पण घाईत ‘दश’ गळतो आणि हाच घोटाळा होतो. त्यापेक्षा कोटीत लिहावे. 124 लाख वर्षांपूर्वी तर आजच्या सातेरी-आग्याच्या प्रजातीतल्या माश्या कधीच उडत होत्या.

‘अवतरली’ काढाच. वरून कोणी खाली उतरले नाही.

कीटक-अभ्यासक

खरी अडचण ‘मधमाशी’ या शब्दातच आहे. मराठीत मधमाशी म्हटले की मोहोळ, पोळे आणि मध डोळ्यांपुढे येतो. म्हणजे आग्या, सातेरी, फुलोरी आणि पेटीत पाळतात ती युरोपीय मेलिफेरा. या सगळ्या ‘एपिस’ प्रजातीतल्या, आणि त्या प्रजातीत जाती जेमतेम दहाच्या आसपास. उगमाचा वाद चालू आहे तो सुमारे 20,000 जातींच्या गोतावळ्याचा. त्यातल्या बहुतेक एकएकट्या राहतात, जमिनीत बीळ करतात आणि मध साठवत नाहीत. लाकूड पोखरणारा आपला काळा भुंगा त्याच गोतातला. उसाच्या पेरात किंवा गुलाबाची पाने गोल कातरून घर करणाऱ्या माश्याही त्यातल्याच.

फरक छोटा नाही. एपिसचे जुने जीवाश्म अडीच ते तीन कोटी वर्षांच्या घरातले. सगळ्या गोतावळ्याचा उगम मात्र 12 कोटींच्या आसपास मानतात. एकच शब्द वापरला तर नऊ-दहा कोटी वर्षे वाऱ्यावर जातात.

अनुवादिका

मग शब्द कोणता? नुसते ‘माश्या’ म्हटले तर घरमाशी आठवेल.

कीटक-अभ्यासक

‘परागमाशी’ सुचते खरी, पण फुलांवर घिरट्या घालणाऱ्या, दोनच पंखांच्या माश्याही पराग खातात, म्हणून ती गळते. ‘मधमाशीकुल’ नको, कुल ही वर्गीकरणातली ठरलेली पायरी आहे आणि या गोतात सात कुले येतात. मी पहिल्यांदा ‘मधमाशी आणि तिचा सगळा गोतावळा’ असे लिहून खुलासा करीन, पुढे ‘माश्या’ पुरेल.

मुद्रितशोधक

पुरेल, पण लिहिताना सांभाळा. माशी-माश्या-माश्यांचा; मासा-मासे-माशांचा. ‘माशांचा उगम’ छापलेत तर तो मत्स्यवंशाचा उगम होईल आणि आकडा 50 कोटींच्या पलीकडे जाईल. बोलताना आपण सर्रास ‘मधमाशा’ म्हणतो, पण या लेखात य वाचवू नका.

कोशवाचक

आता ‘गांधीलमाशीपासून’. इंग्रजीतल्या ‘वॉस्प’ला आपण सवयीने गांधीलमाशी म्हणतो, पण गांधीलमाशी म्हणजे कागदासारखे पोळे बांधणारी, समूहाने राहणारी. तिची शाखा वेगळी. मधमाश्यांचे पूर्वज तिच्यातून निघाले नाहीत.

कीटक-अभ्यासक

बरोबर. त्यापेक्षा जवळची आहे ती भिंतीवर मातीचे नळकांडे लिंपून त्यात बधिर केलेले कोळी भरणारी कुंभारीण. पंचाईत अशी की दोन वेगळ्या गटांतल्या मातकाम करणाऱ्यांना मराठी एकच नाव देते. कोळी भरणारी कुंभारीण मधमाश्यांच्या नात्यातली, अळ्या भरणारी गाडगेवाली गांधीलमाशीच्या नात्यातली. (भ्रमरकीटकन्यायातला ‘भ्रमर’ही अशी अळी आणणारीच, फुलावरचा भुंगा नव्हे.)

सर्वांत जवळचे नातेवाईक 2018च्या जनुकीय अभ्यासात पुढे आले : ॲमोप्लॅनिड नावाच्या, जेमतेम काही मिलिमीटरच्या शिकारी माश्या. त्या पकडतात फुलकिडे. कांद्यावर, मिरचीवर येतात तेच. फुलातल्या फुलकिड्याच्या अंगाला पराग चिकटलेला असतो. पिलांसाठी शिकार नेता नेता पराग घरात येऊ लागला आणि पुढे शिकार सुटून पराग उरला, अशी यामागची मांडणी. तेव्हा ‘एकएकट्या राहणाऱ्या शिकारी माश्यांपासून’ असे लिहा. लांब आहे, पण खरे आहे.

भूविज्ञान-वाचक

‘अंबर’ या शब्दाबद्दल. मराठीत अंबर म्हणजे आकाश आणि वस्त्र. अत्तरवाल्यांकडे अंबर म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यातून येणारा सुगंधी पदार्थ. झाडाच्या राळेचा जीवाश्म यांतला कोणताच नाही. त्याला जुना शब्द आहे : तृणमणी. घासला की गवताची काडी ओढतो म्हणून. ‘तृणमणी (जीवाश्म झालेली राळ)’ असे एकदा लिहावे. ‘अंबरात सापडलेली माशी’ वाचून कोणी वर बघू नये.

म्यानमारचा नमुना म्हणजे मेलिटोस्फेक्स बर्मेन्सिस. कचिन राज्यातल्या हुकॉंग खोऱ्यातला तृणमणी, सुमारे 10 कोटी वर्षांचा; वर्णन 2006मध्ये पॉयनार आणि डॅनफर्थ यांनी ‘सायन्स’मध्ये केले. लांबी 3 मिलिमीटरच्या आत-बाहेर. अंगावरचे केस मधमाश्यांसारखे फांदीदार, मागच्या पायाचा भाग मात्र शिकारी माशीसारखा अरुंद. नावातच दोन्ही आहेत : ग्रीकमध्ये मेलिटा म्हणजे मधमाशी, स्फेक्स म्हणजे शिकारी माशी. ती मधमाशीच होती हे अनेकांना मान्य नाही. त्यामुळे ‘सापडलेली मधमाशी’ हा निवाडा तुमचे वाक्य परस्पर देऊन टाकते. ‘मधमाशीची काही लक्षणे असलेली माशी’ म्हणा.

कीटक-अभ्यासक

वादाबाहेरचा जुना नमुना हवा असेल तर क्रेटोट्रायगोना प्रिस्का. न्यू जर्सीचा तृणमणी, वर्णन 1988चे. आधी वय 8 कोटी सांगितले गेले, नंतर ते 6.5 ते 7 कोटींवर आणले गेले. म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हा होऊन वाहत होता त्याच सुमाराचा. ही कामकरी माशी आपल्याकडच्या पोयाच्या नात्यातली : डंख नसलेली, भिंतीच्या फटीत किंवा ढोलीत मेण-राळेची नळी काढून राहते ती.

यातला तर्क वाचकाला सांगण्यासारखा आहे. पोयासारखी समूहाने राहणारी, पायाला परागटोपली असलेली माशी वंशवृक्षात उशिरा फुटलेल्या फांदीवरची. ती फांदी साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार होती, तर बुंधा त्याहून बराच जुना असायलाच हवा.

अनुवादिका

आणि पॅटागोनियाची पोळी?

कोशवाचक

पोळे म्हणजे मेणाच्या घरांची चकती. मोहोळ म्हणजे माश्यांसकट सगळा संसार. पॅटागोनियात यांतले काहीच नाही. अर्जेंटिनाच्या चुबुत प्रांतातल्या कॅस्टिलो खडकांत मिळाली ती जमिनीतली बिळे आणि त्यांना लागून असलेल्या कोठड्या. 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वय सुमारे 10 कोटी, आणि बांधणारी हॅलिक्टिड कुलातली. उन्हाळ्यात हातावरचा घाम चाटायला बसतात त्या बारीक माश्यांच्या कुलातली. माशी स्वतः सापडलेली नाही. म्हणून ‘घरट्यांचे ठसे’ किंवा ‘कोठड्यांचे जीवाश्म’.

भूविज्ञान-वाचक

नुसत्या भोकांवर भिस्त ठेवली की काय होते त्याचे उदाहरण ॲरिझोनाचे. तिथल्या पेट्रिफाइड फॉरेस्टमधल्या दगड झालेल्या ओंडक्यांतली भोके माश्यांची घरे असल्याचा दावा 1990च्या दशकात झाला. वय सुमारे 22 कोटी, ट्रायासिक कल्प. तेव्हा फुलझाडांचा पत्ता नव्हता. आता ती भोके भुंगेऱ्यांसारख्या कीटकांनी पोखरलेली मानण्याकडे कल आहे. इथे मराठीत आणखी एक खड्डा : ‘भुंग्याची भोके’ लिहू नका. काळा भुंगा मधमाश्यांच्या गोतातला, पण नारळावरचा गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा हे कठीण पाठीचे. ज्या प्रश्नावर वाद आहे त्याच्या दोन्ही बाजूंना मराठीत एकच नाव! ‘भुंगेरे’ लिहिले की सुटका.

अनुवादिका

12.4 कोटी हा आकडा मग कशाचा? इतके जुने तर काहीच सापडलेले दिसत नाही.

कीटक-अभ्यासक

‘उगम’ शब्दाची फोड इथे करावी लागते. वंशावळीतली भाषा चपखल बसते. एक, भाऊबंदकी झाली तो काळ : माश्यांची शाखा शिकारी माश्यांपासून वेगळी झाली. दोन, आज हयात असलेल्या सर्व शाखांचा मूळपुरुष (इथे मूळमाता म्हणणे जास्त न्याय्य). एक आणि दोन यांच्या मधल्या काही शाखा निर्वंश झाल्या असणार; मेलिटोस्फेक्स तसली असू शकते. तीन, सर्वांत जुना जीवाश्म. तो फक्त किमान वय सांगतो. ‘किमान’ हा शब्द भाषांतरात सर्वांत आधी गळतो.

12.4 कोटी हा 2023च्या अभ्यासातला, जनुकांतल्या बदलांच्या वेगावरून काढलेला अंदाज. हे घड्याळ आपोआप वेळ दाखवत नाही. ओळखीच्या जीवाश्मांच्या खुंट्या ठोकून ते लावावे लागते. कोणती खुंटी कुठे ठोकली यावर उत्तर पुढे-मागे सरकते. चुकीच्या फांदीवर ठोकली तर सगळा वृक्षच सरकतो. मेलिटोस्फेक्सवर एवढी हमरीतुमरी त्यासाठीच. 2013चा एक अभ्यास 12.3 कोटी म्हणतो, वरचा 2018चा 12.8 कोटी. म्हणून ‘सुमारे’ हवेच. सुमारे 12.5 कोटी वर्षांपूर्वीपासून तीन खाचांचे परागकण खडकांत दिसू लागतात, म्हणजे आजच्या बहुतेक फुलझाडांच्या मोठ्या गटाचे. या आकड्यांना बाहेरून मिळणारा हा आधार.

भूविज्ञान-वाचक

त्याच 2023च्या लेखात उगमस्थान ‘पश्चिम गोंडवन’ सांगितले आहे. म्हणजे गोंडवन या प्राचीन महाखंडाचा पश्चिम भाग, आजची आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका. नाव आपल्या गोंडांच्या प्रदेशावरून पडले असले तरी त्यावरून ‘मधमाशी मूळची भारतातली’ असा मथळा देऊ नये.

अनुवादिका

सुधारले : ‘मधमाशी आणि तिच्या गोतावळ्यातल्या माश्या एकएकट्या राहणाऱ्या शिकारी माश्यांपासून सुमारे 12 कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात. म्यानमारच्या तृणमणीतली, मधमाशीची काही लक्षणे असलेली माशी आणि पॅटागोनियातल्या जमिनीतल्या कोठड्या सुमारे 10 कोटी वर्षांच्या आहेत.’

कीटक-अभ्यासक

‘वेगळ्या झाल्या’ म्हणजे भाऊबंदकीचा काळ. 12.4 कोटी हा मूळमातेचा. ‘आज हयात असलेल्या सर्व माश्यांची मूळमाता सुमारे 12 कोटी वर्षांपूर्वीची असावी, शिकारी माश्यांपासून शाखा फुटली ती त्याही आधी’ असे करा.

मुद्रितशोधक

आणि ‘मूळमाता’ जोडून.