देवळात घटाखालचे धान्य कुजते, नंदादीप मंदावतो: काय चुकते?

पारावरून
गावदेवीच्या देवळात नवरात्रात चौथ्या-पाचव्या माळेला घटाखालच्या धान्याला वास येतो आणि पहाटे नंदादीप मंदावतो. गाभारा लहान, खिडकी नाही, कलश तांब्याचा. धान्य पत्रावळीत पेरतात. जाणकारांनी नेमके सांगावे.

काळी_माती
धान्य कुजते ते पाण्याने. पत्रावळीतून पाणी निघायला वाट नसते. बांबूची परडी घ्या; पत्रावळच हवी असेल तर तळाला दाभणाने भोके पाडा. काळी माती चाळून घ्या, चार ओंजळींना एक ओंजळ चांगले कुजलेले शेणखत, थर तीन बोटे. धान्य एकावर एक न पडता पसरा, वर अर्धा बोट माती. गहू, जव, ज्वारी मधे. हरभरा-मूग थोडेच आणि कडेला, कारण दाटीने पेरले की तेच आधी सडतात. औषध लावलेले बियाणे देवापुढे नकोच, घरातले खायचे धान्य घ्या.

आता कलशाचे. मातीचा कोरा घट पाझरतो, भोवतालची माती तोच ओली ठेवतो. त्यावर पुन्हा तांब्याने पाणी ओतले की चिखल होतो. तुमचा कलश तांब्याचा, तो पाझरणार नाही. सकाळी हाताने शिंपडा. आधी माती चिमटीत धरा. बोटाला चिकटली तर त्या दिवशी पाणी नाही.

माळेचे टोक मातीला टेकू देऊ नका. भिजलेल्या झेंडूची बुरशी थेट कोंबांवर उतरते. कोंब पिवळे आले तर घाबरू नका, अंधाऱ्या गाभाऱ्यात तसेच येतात.

समईची_वात
दिवा मंदावतो तो बहुधा काजळीने. वातीचे टोक गव्हाच्या दाण्याएवढेच बाहेर असावे. जास्त काढले की धूर. वात फार जाड किंवा घट्ट वळलेली असेल तर तेल टोकापर्यंत चढत नाही आणि कापूसच जळतो. तीळतेल गाळून घाला, तळाचा गाळ वात चोंदवतो.

काजळी काढण्याआधी त्याच ज्योतीवर दुसरी निरांजन लावून ठेवा, म्हणजे चिमट्याचा धक्का लागला तरी ज्योत अखंड राहते. काच लावाल तर खालून हवेला फट हवीच. पहिल्या दिवशी सहा तासांत किती तेल उतरते ते मोजा आणि रात्रीच्या पाळ्या त्यावर लावा. ओटी भरायला येणाऱ्यांचे पदर ज्योतीपासून हातभर लांब राहतील असा आडवा बांबू बांधा, हे विसरू नका.

पारावरून
मनापासून आभार. माळा नऊच ना?

काळी_माती
पंचांग पाहा. २०२५ मध्ये तृतीयेची वृद्धी होती, म्हणजे तीच तिथी दोन दिवस: २२ सप्टेंबरला घट बसले, दसरा २ ऑक्टोबरला आला. अशा वर्षी रोज एक याप्रमाणे दहा माळा लागतात, फुलांची मागणी तशी आधीच द्या. घट नवमीला उठवायचा की दसऱ्याला, ते देवळाच्या रीतीप्रमाणे.