मदत हवी आहे: मुलीला मेकॅनिकलच करायचंय (बेळगाव)

नमस्कार. मच्छेजवळ राहतो, उद्यमबागेत छोटी शेड आहे. तीन लेथ, एक मिलिंग. मुलगी सेकंड पीयू (बारावी) सायन्सला, दहावी मराठी माध्यमातून. म्हणते, मेकॅनिकलच करणार. घरात सगळे कॉम्प्युटर सायन्सच्या मागे. सुधा मूर्ती हुबळीत इंजिनिअरिंग शिकल्या, हे सांगून बघितलं. आई म्हणाली, "वर्गात त्या एकट्याच होत्या ना? तेच म्हणतेय मी!"

पोरीला नाद मापाचा. दिवाळीत शेडवर आली होती. लेथवरून नुकत्याच उतरवलेल्या बुशमध्ये (नळीसारखा पोकळ भाग) प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचा दांडा, सरळ गेला, मिस्त्रीने जॉब पास करून ट्रेमध्ये टाकला. हिने हात लावून बघितला. "काका, गरम आहे अजून. थंड झाल्यावर लावा." थंड झाल्यावर भोक आकसलं, गेज तोंडाशीच अडला. मिस्त्री दिवसभर गप्प.

खरी अडचण माझीच आहे. अकरा माणसं कामाला, सगळे पुरुष. शेडमध्ये बायकांसाठी संडाससुद्धा नाही. मीच आजवर मुलगी कामाला घेतली नाही, तर हिला कोण घेणार? मेकॅनिकल केलेल्या मुलींनी सांगावं, वर्कशॉप, इंटर्नशिप कसं जमवलंत? केसीईटी (कर्नाटकची प्रवेश परीक्षा) देणारच आहे. कोल्हापूर-सांगलीकडे सीमाभागातल्यांना काही सोय आहे का?

प्रतिसाद १
काका, मी मेकॅनिकलच. वर्गात आम्ही तिघी. फिटिंगला सर आमचा जॉब स्वतः घासून द्यायचे, "तू जर्नल लिही, अक्षर छान आहे." तेव्हा बरं वाटायचं. पहिल्या इंटरव्ह्यूत फाईल, म्हणजे कानस, कशी धरतात विचारलं आणि घाम फुटला. तिला सांगा, कानस हातातून सोडायची नाही.
आणि संडास बांधा हो आधी!

प्रतिसाद २
सोय आहे. एमएचटी-सीईटी (महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा) द्यायची, प्रवेशाच्या वेळी 'टाइप ई' उमेदवारी. सीमाभागाचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले लागतात. तिथे मुलींना ३० टक्के आरक्षणही आहे. शिवाय एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रगती शिष्यवृत्ती बघा: वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. राज्य कुठलंही असो, कॉलेज एआयसीटीई मान्यतेचं हवं.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. कानशीचं वाचून पोरगी हसली, मग शेडच्या चाव्या मागितल्या. गवंडी रविवारी येतोय. मातृभाषेचा दाखला शाळेचा चालतो, की तहसीलदारांचाच लागतो?